तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची सुरुवात प्रश्नापासून व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांतून समकालीन तत्त्वज्ञानाची ओळख होते ती बहुधा माणसांची आणि वादांची. सार्त्र म्हणजे अस्तित्ववाद, देरिदा म्हणजे विरचना, विट्गेन्स्टाइन म्हणजे भाषा, अशा जोड्या वाचकाच्या मनात बसतात. या लेखांनी कुतूहल जागे होते आणि त्याबद्दल लिहिणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्याच कुतूहलापोटी कोणी अभ्यासाला बसले की अडचण सुरू होते. हाती उत्तरे आलेली असतात. ती कोणत्या प्रश्नाची, हे कोणी सांगितलेलेच नसते. मग एखादा मोठा ग्रंथ उघडला जातो, चाळीसाव्या पानावर दम संपतो आणि 'हे आपल्या आवाक्यातले नाही' असा समज पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतचे तत्त्वज्ञान शिस्तीने वाचणाऱ्या कोणालाही शिकता येते. त्यासाठी एक प्रश्न घ्यावा, त्यावरचा एक छोटा मूळ लेख घ्यावा आणि त्यातला युक्तिवाद कागदावर उतरवावा. तो लेख कोणत्या परंपरेत बसतो हे नंतर पाहिले तरी चालते. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते थोड्या तपशिलाने सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवातीला ज्ञानाचा प्रश्न घेणे सोयीचे पडते. एखादी गोष्ट मला 'माहीत आहे' असे केव्हा म्हणता येईल? रूढ उत्तरात तीन अटी आहेत: ते विधान खरे असावे, माझा त्यावर विश्वास असावा आणि त्या विश्वासाला सबळ आधार असावा. १९६३ साली एडमंड गेटियर यांनी 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा लेख लिहून हे उत्तर अपुरे असल्याचे दाखवले. त्यातले पहिले उदाहरण असे. स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सला मिळणार असे कंपनीच्या प्रमुखानेच स्मिथला सांगितले आहे आणि जोन्सच्या खिशातली दहा नाणी स्मिथने स्वतः मोजली आहेत. त्यावरून स्मिथ अनुमान काढतो: 'ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात, जे त्याला ठाऊक नसते. विधान खरे ठरले, विश्वास होता, आधारही होता. तरी स्मिथला ते 'माहीत होते' असे आपण म्हणणार नाही.

बहुतेक वाचक इथे मान डोलावून पुढे जातात. खरे काम इथूनच सुरू होते. गेटियर यांनी लेखाच्या आरंभीच दोन गृहीतके स्पष्ट सांगितली आहेत. एक, सबळ आधार असूनही विश्वास खोटा निघू शकतो. दुसरे, आधार असलेल्या विश्वासातून योग्य अनुमानाने काही निष्पन्न होत असेल आणि ते अनुमान आपण प्रत्यक्ष केले असेल, तर त्या निष्कर्षालाही आधार मिळतो. नवख्या वाचकाचा ठरलेला आक्षेप असतो की स्मिथचा आधार मुळात कच्चा होता. हा आक्षेप पहिल्या गृहीतकावर आहे हे त्याला कळले, की त्याची किंमतही कळते. कधीच चुकू शकत नाही असा आधार मागितला, तर रोजच्या व्यवहारातले जवळजवळ सगळे ज्ञान ज्ञान उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चौथी अट जोडणे: खोट्या विधानावरून अनुमान केलेले नसावे. मग १९७६ साली अ‍ॅल्विन गोल्डमन यांनी चर्चेत आणलेले कोठाराचे उदाहरण समोर ठेवावे. एका भागात रस्त्याच्या कडेला कोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे केले आहेत. त्यांतले एकच कोठार खरे आहे, आणि प्रवाशाची नजर योगायोगाने नेमकी त्याच्यावर पडून तो म्हणतो, 'ते कोठार आहे.' इथे खोट्या विधानावरून अनुमान झालेले नाही, तरी नशिबाचा वाटा आहेच. म्हणजे चौथी अटही गळते. याला उत्तर म्हणून, विश्वास ज्या प्रक्रियेतून निर्माण होतो ती विश्वासार्ह आहे की नाही हे पाहणारा विचार उभा राहिला. पुढे टिमथी विल्यमसन यांनी २००० साली तर ज्ञानाची अशी फोड करण्याचा नादच सोडावा आणि ज्ञान हीच मूळ कल्पना धरावी, असे मांडले. एका तीन पानी लेखातून चाळीस वर्षांचा वाद कसा वाढला, हे अशा वाचनाने स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल यांनी लक्ष वेधले आहे की न्याय या भारतीय तर्कपरंपरेवर टीका करणाऱ्या बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानेही मुठीतल्या कवड्यांची संख्या अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याचे उदाहरण घेऊन अशाच जातीचा आक्षेप घेतला होता. न्यायपरंपरा आणि आजची ज्ञानमीमांसा शेजारी ठेवून वाचता येतात त्या अशा नेमक्या ठिकाणी. 'आमच्याकडे हे आधीच होते' एवढे म्हणून थांबले, तर दोन्हींचे नुकसान होते.

आता वाचनाची रीत. वीस पानांचा लेख तीनदा वाचावा लागतो आणि त्याला एक आठवडा सहज जातो. पहिल्या वाचनात एवढेच शोधावे की लेखकाला शेवटी काय सिद्ध करायचे आहे. ते एका वाक्यात लिहिता आले नाही, तर पुढे जाऊ नये. दुसऱ्या वाचनात 'म्हणून', 'कारण', 'समजा', 'यावर कोणी म्हणेल' अशा शब्दांखाली रेघ ओढावी. लेखाचे सांधे तिथे असतात. सर्वांत जास्त आढळणारी चूकही इथेच होते: लेखकाने प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडलेला परिच्छेद त्याचे स्वतःचे मत म्हणून उचलला जातो. पूर्वपक्ष कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होते, हे समासात लिहून ठेवणे हाच त्यावर उपाय. तिसऱ्या वाचनात युक्तिवाद पाच ते आठ क्रमांकित ओळींत उतरवावा; शेवटची ओळ निष्कर्षाची. मग दोन प्रश्न, आणि याच क्रमाने: वरच्या ओळी खऱ्या मानल्या तर निष्कर्ष टाळता येतो का? टाळता येत नसेल, तर वरच्या ओळी खऱ्या आहेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'टाळता येतो' असे आले, तर लेखकाला चूक ठरवण्याची घाई करू नये. बहुधा एखादे आधारविधान न सांगता गृहीत धरलेले असते. ते शोधून कंसात लिहावे. वादाचे मूळ पुष्कळदा त्या कंसातच सापडते. निष्कर्ष पटत नाही एवढ्यावरून युक्तिवाद फेटाळणे ही सुटका आहे, अभ्यास नव्हे. कोणती ओळ नाकारली हे सांगता आलेच पाहिजे.

एक प्रश्न नीट धरला की परंपरा आपोआप मागून येतात, हे जाणिवेच्या प्रश्नात फार छान दिसते. फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ साली मेरी नावाच्या शास्त्रज्ञ स्त्रीची कल्पना मांडली. ती जन्मापासून काळ्यापांढऱ्या खोलीत वाढली. रंग पाहण्यासंबंधीचे सारे भौतिक ज्ञान तिने मिळवले, पण रंग कधी पाहिला नाही. बाहेर आल्यावर लाल रंग पाहून ती काही नवे शिकते का? शिकत असेल, तर सारी तथ्ये भौतिक नाहीत, असा निष्कर्ष. यावर डेव्हिड लुइस म्हणतात की तिला नवे तथ्य कळले नाही, ओळखण्याचे आणि कल्पिण्याचे कौशल्य मिळाले. आणखी काहींचे उत्तर असे की तथ्य जुनेच आहे, ते तिच्या लक्षात आले नव्या रीतीने. हे दुसरे उत्तर समजायचे, तर एकच वस्तू दोन रीतींनी कशी दिली जाते हे पाहावे लागते, आणि वाचक थेट गोटलोब फ्रेगे यांच्या १८९२ च्या लेखाकडे जातो. पहाटेचा तारा आणि सांजतारा हे दोन्ही शुक्रच, तरी 'पहाटेचा तारा हाच सांजतारा' हे कळणे ही एक नवी माहिती असते. फ्रेगे वाचण्याची निकड अशी अभ्यासातूनच निर्माण व्हावी. 'विश्लेषक परंपरेचे जनक' म्हणून पाठ करून ती होत नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॅक्सन यांनी पुढे आपला मूळ निष्कर्ष सोडून दिला. म्हणून तत्त्वज्ञाच्या नावापुढे मत लिहिताना वर्षही लिहावे. १९२१ च्या पुस्तकातले विट्गेन्स्टाइन आणि आधीची मते बदललेले, १९५३ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या पुस्तकातले विट्गेन्स्टाइन एकाच वाक्यात कोंबणे ही याच प्रकारची चूक.

यंत्रबुद्धीची चर्चा सगळीकडे आहे, म्हणून जॉन सर्ल यांच्या १९८० च्या 'चिनी खोली'चा दाखला वारंवार दिला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा दिला जातो. चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नियमांच्या पुस्तकाबरहुकूम चिन्हे जुळवतो आणि बाहेरच्यांना वाटते की आत कोणी चिनी जाणणारा आहे. यावरून 'यंत्र विचार करू शकत नाही' असे सर्ल म्हणतात, अशी समजूत आहे. तसे ते म्हणत नाहीत; मेंदू हेही एक यंत्रच आहे आणि ते विचार करते, असे ते मानतात. त्यांचा दावा एवढाच की केवळ संगणकीय प्रोग्राम चालवण्याने, म्हणजे चिन्हे त्यांच्या आकारावरून हलवण्याने, अर्थाचे आकलन निर्माण होत नाही. आक्षेप घ्यायचा तर या दाव्यावर घ्यावा. 'त्या माणसाला नाही कळत, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून झालेल्या व्यवस्थेला कळते' हा आक्षेप सर्ल यांनी स्वतःच लेखात घेतला आहे. माणसाने सगळे पुस्तक पाठ केले आणि खोलीबाहेर येऊन काम केले तरी त्याला चिनी येणार नाही, हे त्यांचे उत्तर पुरेसे आहे का, यावर एक संपूर्ण बैठक खर्च करावी.

जाणिवेच्या याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने जाणारी परंपरा म्हणजे फिनॉमेनॉलॉजी, म्हणजे वस्तू अनुभवाला कशी येते याचे वर्णन. इथे नुसते वाचून भागत नाही, करून पाहावे लागते. समोरची कोणतीही घन वस्तू घ्या. दिसते तिची एकच बाजू, तरी अनुभव येतो अख्ख्या वस्तूचा. कागदाचे दोन रकाने करून एकात प्रत्यक्ष दिसणारे लिहावे आणि दुसऱ्यात न दिसताही अपेक्षित असलेले: मागची बाजू, वजन, फिरवल्यास काय दिसेल ते. एडमंड हुसर्ल ज्याला अनुभवाचे क्षितिज म्हणतात ते या दुसऱ्या रकान्यात आहे. 'वस्तू खरोखर आहे की नाही' हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवायला सांगितला, त्याचा अर्थ जगावर शंका घ्या असा नव्हे, आणि मनात डोकावून भावना नोंदवा असाही नव्हे. कोणत्या रचनेमुळे वस्तू 'आहे' अशी अनुभवाला येते, तिचे वर्णन करायचे आहे. मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ च्या ग्रंथात ही रचना शरीरापर्यंत आणली: सरावलेल्या अंध माणसाच्या हातातली काठी ही त्याला जाणवणारी वस्तू राहत नाही, तिच्या टोकाशी तो जगाला स्पर्श करतो. सिमोन द बोव्हार यांनी त्याच वर्षी या ग्रंथाचे परीक्षण लिहिले होते. त्यांचे १९४९ चे स्त्रीविषयक लेखन या पार्श्वभूमीवर वाचले, तर ते सामाजिक टीकेइतकेच जगलेल्या शरीराचे तत्त्वज्ञान आहे हे दिसते. त्यांना सार्त्रच्या पुरवणीत टाकणारी पाठ्यपुस्तके वाचकाची दिशाभूल करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हायडेगर यांच्या १९२७ च्या ग्रंथाची सुरुवात पहिल्या पानापासून करू नये. कलम १५ ते १८ आधी वाचावीत. हातोडा सुरळीत चालतो तेव्हा तो लक्षातही येत नाही, मोडला की 'वस्तू' म्हणून समोर येतो, हे विवेचन तिथे आहे. ते समजल्यावर प्रस्तावनेतला 'असणे' याविषयीचा प्रश्न हवेत तरंगत नाही.

विश्लेषक (भाषा आणि तर्क यांच्या काटेकोर फोडीवर भर देणारा, मुख्यतः इंग्रजीतला) आणि युरोपखंडीय (मुख्यतः जर्मन-फ्रेंच) असे दोन तट आहेत हे पहिल्या दिवशी शिकवले जाते. माझ्या मते ते सहाव्या महिन्यात शिकवावे, आणि इतिहास म्हणून शिकवावे. फ्रेगे आणि हुसर्ल समकालीन होते. हुसर्ल यांच्या अंकगणितावरच्या पुस्तकाचे परखड परीक्षण फ्रेगे यांनी १८९४ साली लिहिले. १९२९ साली स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस येथे जर्मन तत्त्वज्ञ कासिरर आणि हायडेगर यांचा वाद झाला, तेव्हा विश्लेषक बाजूचे रुडॉल्फ कार्नाप तिथे होते. हायडेगर यांची 'शून्य'विषयक वाक्ये तर्कशास्त्राच्या कसोटीवर निरर्थक ठरतात, हा कार्नाप यांचा लेख त्यानंतर थोड्याच वर्षांत आला. तोवर दोन्हीकडचे लोक एकमेकांना वाचत होते. नंतर राजकारणाने माणसेच विखुरली. फ्रँकफर्टची १९२३ साली स्थापन झालेली समाजसंशोधन संस्था १९३३ मध्ये नाझींनी बंद केली आणि तिचे विचारवंत पुढे न्यूयॉर्कला गेले. कार्नाप १९३५ मध्ये अमेरिकेस गेले. कार्नाप ज्यात होते त्या, तर्क आणि विज्ञान यांवर भर देणाऱ्या व्हिएन्ना मंडळाचे मोरित्झ श्लिक यांची १९३६ मध्ये विद्यापीठाच्या जिन्यावर हत्या झाली. हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले आणि फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर (प्रमुख) झाले. हे वाचकाने माहीत करून घ्यावे आणि त्यांच्या विचारात त्याची मुळे आहेत का हेही तपासावे. मात्र ग्रंथ न वाचता निकाल देण्यासाठी ते पुरेसे नाही.

फूको आणि देरिदा यांच्याबाबत एक सावधगिरी. इथे आठ ओळींचा युक्तिवाद प्रत्येक वेळी निघत नाही, कारण प्रश्नाची जात वेगळी आहे. फूको यांच्या १९७५ च्या तुरुंगविषयक ग्रंथातून 'सत्य म्हणजे फक्त सत्ता' असे ब्रीदवाक्य काढू नये. प्रत्येक प्रकरणाला चार गोष्टी विचाराव्यात: कोणती संस्था, कोणती पद्धत, ती केव्हा बदलली, आणि त्या बदलामुळे माणसाविषयी कोणते नवे ज्ञान शक्य झाले. देरिदा मात्र भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर आणि हुसर्ल यांची निदान निवडक पाने वाचल्याशिवाय हाती घेऊच नयेत. ते दुसऱ्यांच्या ग्रंथांच्या आतून लिहितात, आणि ते ग्रंथ माहीत नसले की उरते फक्त शैलीची नक्कल. फलप्रामाण्यवादाचे 'जे उपयोगी ते खरे' हे सुलभीकरणही असेच घातक आहे. या वादाचे प्रवर्तक चार्ल्स पर्स यांचा १८७८ चा लेख वाचला की लक्षात येते, तिथे विषय कल्पनांच्या स्पष्टतेचा आहे.

नीतिशास्त्रातला ट्रॉलीचा पेच (अनावर गाडी रुळावरच्या पाच जणांवर चालून येते; एकाचा जीव देऊन त्यांना वाचवावे का?) सध्या करमणुकीच्या कोड्यासारखा फिरतो. फिलिपा फूट यांनी १९६७ साली तो गर्भपात आणि हेतू-परिणाम यांच्या चर्चेत एक उदाहरण म्हणून आणला. जुडिथ थॉमसन यांनी पुढे त्याचा विस्तार केला. त्याचा उपयोग एका वेळी एकच घटक बदलून पाहण्यासाठी आहे. खटका ओढून गाडी एकच माणूस असलेल्या दुसऱ्या रुळावर वळवणे अनेकांना चालते, गाडी अडवण्यासाठी पुलावरून माणूस ढकलणे चालत नाही. दोन्हीकडे एक मरतो आणि पाच वाचतात. मग फरक कशात आहे? उत्तरांची टक्केवारी सांगून हा प्रश्न सुटत नाही. न्यायाच्या प्रश्नासाठी रॉल्स (१९७१), त्यांना उत्तर देणारे नोझिक (१९७४) आणि 'समता नेमकी कशाची?' असे विचारणारे अमर्त्य सेन यांचे १९७९ चे व्याख्यान, या क्रमाने निवडक पाने वाचावीत. सेन यांचे व्याख्यान छोटे आहे, आणि ते वाचल्यावर रॉल्स पुन्हा वाचावासा वाटतो.

वर्षभरात पाच प्रश्न पुरेत: ज्ञान, जाणीव, अर्थ, संकल्पस्वातंत्र्य, न्याय. प्रत्येकाला आठ ते दहा आठवडे आणि तीनच लेखन: प्रश्न उभा करणारे एक, त्याला उत्तर देणारे एक, आणि तिसरे दुसऱ्या परंपरेतले. गट चार ते सहा जणांचा असावा. बैठकीत एकाने न पटणारी बाजू जास्तीत जास्त बळकट करून मांडावी. ती कमकुवत करून मांडली, तर बैठक वाया जाते. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी दोन पाने लिहावीत आणि त्यांत एकच मुद्दा असावा. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश १९९५ पासून इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि तो उत्तम आहे. पण मूळ लेख वाचून झाल्यावरच तो उघडावा. आधी उघडला की मूळ लेखात आपण कोशातलीच वाक्ये शोधत बसतो.

संपादक महाशय, आपल्याला विनंती अशी की तत्त्वज्ञानावर सदर द्याल तेव्हा प्रत्येक हप्त्यात एक प्रश्न, क्रमांकित ओळींतला एक युक्तिवाद आणि त्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप छापावा. चरित्राला दोन ओळी पुरतात. वाचकांनी कोणती ओळ नाकारली आणि का, एवढीच पत्रे मागवून पुढच्या हप्त्यात द्यावीत. सुरुवातीसाठी हॅरी फ्रँकफर्ट यांचे १९६९ चे उदाहरण सुचवतो, कारण ते अर्ध्या स्तंभात मावते. तत्त्व असे: वेगळे वागणे शक्य होते तरच माणूस कृत्याला जबाबदार. आता समजा, जोन्स एक कृत्य करण्याचे स्वतःहून ठरवतो. ब्लॅक नावाचा माणूस त्याच्यावर नजर ठेवून आहे. जोन्स कचरतोय असे दिसले असते, तर ब्लॅकने त्याच्याकडून ते कृत्य जबरीने करून घेतलेच असते. जोन्स कचरत नाही, ब्लॅकला काहीच करावे लागत नाही. जोन्सला वेगळे वागणे शक्य नव्हते, तरी तो जबाबदार दिसतो. म्हणून ते तत्त्व खोटे. आक्षेप असा: जोन्स कचरणार हे ब्लॅकला कोणत्या खुणेवरून कळते? ती खूण दाखवणे वा न दाखवणे जोन्सच्या हाती असेल, तर तेवढा पर्याय त्याला होताच. आणि ती त्याच्या हाती नसेल, तर त्याने 'स्वतःहून ठरवले' असे कसे म्हणायचे? फ्रँकफर्ट यांच्या बाजूने यावर काय म्हणता येईल, हे वाचकांना विचारावे.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक